काबूलच्या मुलींना पुण्यातून शिकवायचं असेल तर

प्रश्न असा आहे: पुण्यातले आठ-दहा गणित-विज्ञान शिक्षक अफगाण मुलींसाठी रोज संध्याकाळी तासभर झूमवर वर्ग घ्यायच्या विचारात आहेत, सातवी ते दहावीचा अभ्यासक्रम. तिथे सहावीनंतर मुलींची शाळा बंद आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्याशिवाय आडवं काय काय येतं, आणि कुठे हात घातला तर खरंच उपयोग होईल?

आधी थेट उत्तर. रोजचा झूम वर्ग टिकणार नाही. पहिल्या आठवड्यात तीस मुली दिसतील, महिन्याभरात पाच-सहा उरतील, आणि मुलींना रस नाही असं तुम्हाला वाटू लागेल. रस भरपूर आहे. फोन, वीज, पैसे आणि सुरक्षितपणा नाही. त्याऐवजी छोट्या ध्वनिफिती आणि छापता येतील अशी पानं यांवर चालणारे धडे करा. आणि ते बारा वर्षांच्या मुलीसाठी करू नका. दहावी-बारावीपर्यंत पोचून अडकलेल्या, आज विशीच्या आसपास असलेल्या तरुणीसाठी करा, जी आपल्या गल्लीतल्या पाच-सात मुलींना शिकवू शकते. हे उलटं वाटेल, पण त्याची कारणं खाली येतात.

बंदी एका फटक्यात आलेली नाही. १५ ऑगस्ट २०२१ ला तालिबानने काबूल ताब्यात घेतलं. सप्टेंबरच्या मध्याला माध्यमिक शाळा उघडण्याची घोषणा झाली, तिच्यात मुलगे आणि पुरुष शिक्षक यांनाच बोलावणं होतं. मुलींचा उल्लेखच नव्हता. म्हणजे नकारसुद्धा नाही, फक्त मौन. २३ मार्च २०२२ ला, नव्या शालेय वर्षाच्या पहिल्या दिवशी, मुली दप्तर घेऊन शाळेत पोचल्या आणि काही तासांत त्यांना घरी पाठवलं गेलं. त्याच वर्षी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बहुतेक प्रांतांत बारावीच्या मुलींना, वर्षभर वर्ग झालेला नसताना, अंतिम परीक्षेला बसू दिलं. दोन आठवडेही झाले नाहीत तोच, २० डिसेंबर २०२२ ला, विद्यापीठं मुलींसाठी बंद झाली. उरली होती ती सुईण आणि परिचारिकेच्या प्रशिक्षणाची वाट. ती डिसेंबर २०२४ मध्ये बुजवली. बाळंतपणात दर १ लाख जन्मांमागे ५०० हून अधिक माता दगावतात अशा देशात, जिथे स्त्रीने पुरुष डॉक्टरकडे जाणं अनेक घरांना मान्य नसतं, तिथे हा निर्णय घेतला गेला.

युनेस्कोच्या ऑगस्ट २०२४ च्या हिशेबाप्रमाणे या बंदीमुळे किमान १४ लाख मुली माध्यमिक शिक्षणाबाहेर होत्या. आधीपासून बाहेर असलेल्या धरल्या तर आकडा २५ लाखांच्या घरात जातो, म्हणजे शाळेच्या वयाच्या दर दहा मुलींपैकी आठ. दर वर्षी मार्चमध्ये सहावी पूर्ण केलेली नवी तुकडी त्यात मिळते. सहावीच्या शेवटच्या दिवशी मुली रडत घरी जातात, आणि शाळा सुटू नये म्हणून मुद्दाम नापास होऊन सहावीतच राहण्याची धडपड करतात, असं अनेक बातमीदारांनी नोंदवलं आहे. मुलीला नापास होणं हाच शाळेत राहायचा मार्ग उरावा, तिच्या शिकण्याच्या ओढीचा यापेक्षा वेगळा पुरावा कुणी मागू नये.

आता या १४ लाख आणि २५ लाख यांमधला फरक नीट पाहा, कारण तुमच्या कामाची जागा तिथून ठरते. सगळा दोष २०२१ नंतरच्या हुकमांवर टाकला तर अर्धंच चित्र दिसतं. २००१ मध्ये प्राथमिक शाळेत मुली जवळपास नव्हत्या. २०१८ पर्यंत त्या २५ लाखांवर गेल्या. ही झेप मोठीच. पण त्याच २०१८ मध्ये ३७ लाख मुलं शाळेबाहेर होती आणि त्यांत ६० टक्के मुली होत्या. कित्येक शाळांना इमारत नव्हती, आवारभिंत नव्हती, संडास नव्हता. मुलगी वयात येते तेव्हा भिंत आणि संडास या गोष्टी पाठ्यपुस्तकाइतक्याच महत्त्वाच्या ठरतात.

सगळ्यात जड अडथळा मात्र अंतराचा. घोर या डोंगराळ प्रांतात २००७-०८ मध्ये ३१ गावांत एक नीट मोजमाप केलेला अभ्यास झाला. काही गावांना गावातच वर्ग मिळाला, इतरांना वर्षभराने. ज्या गावांत वर्ग आला तिथे मुलींची पटसंख्या ५२ टक्के-बिंदूंनी वाढली (म्हणजे दर शंभर मुलींमागे आणखी ५२ जणी पटावर आल्या), मुलग्यांची ३५ ने, आणि पटावरचा मुलगा-मुलगी फरक जवळपास मिटला. शाळा जितकी लांब तितकी गळती: दर मैलामागे, म्हणजे दीड किलोमीटरला थोडं वर, मुलींचा पट १९ टक्के-बिंदूंनी उतरत होता, मुलग्यांचा १३ ने. हे घोरमध्ये घडलं, जिथली माणसं परंपरेला घट्ट धरून राहणारी. तेव्हा ‘आईबापांनाच मुली शिकवायच्या नाहीत’ हे वाक्य बोलण्याआधी दहा वेळा विचार करा. शाळा दाराशी आली, शिकवणारी व्यक्ती ओळखीची असली, की आईबाप मुलगी पाठवतात.

म्हणूनच घरातले वर्ग तिथे नवे नाहीत. १९९६ ते २००१ या पहिल्या तालिबानी राजवटीत हेरातमध्ये ‘सोनेरी सुई’ नावाच्या शिवणवर्गाच्या आडोशाने बायका साहित्य शिकत होत्या, आणि सकीना याकूबी यांच्या संस्थेने देशभर ८० घरगुती शाळा चालवल्या होत्या. २००१ नंतर त्याच कल्पनेचे गावपातळीवरचे वर्ग मशिदीत किंवा कुणाच्या तरी खोलीत भरू लागले. आजही घरगुती वर्ग आहेत. बैठ्या गाद्या भिंतीला लावलेली एक खोली, हिवाळ्यात मधोमध संदली, म्हणजे खाली निखारे आणि वर रजई टाकलेलं बुटकं मेज. मुली एकत्र येत नाहीत. पाच-दहा मिनिटांच्या अंतराने एकेकटी येतात, वह्यांवर शिवणकाम किंवा कुराण ठेवलेलं असतं. खोली बाहेरून शिवणवर्ग दिसायला हवी. अशा वर्गात पाच ते बारा मुली बसतात. तुमचा धडा या खोलीत चालला पाहिजे. लॅपटॉपसमोर एकटी बसलेली मुलगी डोळ्यांसमोर आणून आखणी कराल तर चुकाल.

शिक्षिकेचा प्रश्न इथे येतो. प्राथमिक शाळा मुलींना अजून खुल्या आहेत, पण मोठ्या होत जाणाऱ्या मुलींना शिकवायला बाईच हवी. नवी शिक्षिका तयार करणारे सगळे मार्ग, म्हणजे बारावी, अध्यापक महाविद्यालय, विद्यापीठ, बंद आहेत. आज शिकवणाऱ्या बाया निवृत्त होतील, देश सोडतील, कंटाळतील. त्यांच्या जागी यायला कुणी नाही. त्यात मुलग्यांना शिकवायला बायांना मज्जाव झाला, म्हणून मुलग्यांच्या वर्गांतही पात्रता नसलेले पुरुष नेमावे लागले. २०१९ मध्ये प्राथमिक शाळांत ६८ लाख मुलं होती, २०२२ मध्ये ५७ लाख; त्यात मुलगेही आहेत. जून २०२४ मध्ये घरी बसवलेल्या सरकारी महिला कर्मचाऱ्यांचा पगार सरसकट महिना ५,००० अफगाणी केला गेला. वीस वर्षं शिकवलेल्या बाईने या पैशात घर चालवायचं. भिडेवाड्यात १८४८ साली शाळा उघडण्याआधी जोतिरावांना शिक्षिका तयार करावी लागली होती हे मराठी वाचकाला सांगायला नको. अफगाणिस्तानातही गाठ तीच आहे, फरक एवढाच की तिथे अर्धवट तयार झालेल्या हजारो शिक्षिका घरात बसून आहेत. २०२१ मध्ये नववी-दहावीत असलेली मुलगी आज विशीच्या आसपास आहे. तिला गणित येतं, थोडं इंग्रजी येतं, गल्लीतल्या मुली तिला ओळखतात. तिच्यावर खर्च केलेला तुमचा एक तास सात ठिकाणी पोचतो.

आता धडा कसा करायचा. गटाचा व्हिडिओ वर्ग तासाला सहज पाऊण ते एक जीबी खातो. मोबाइल डेटा तिथल्या मिळकतीच्या मानाने महाग, वीज जाते-येते, आणि घरातला स्मार्टफोन बहुधा भावाकडे किंवा वडिलांकडे असतो. शिवाय इंटरनेटचा भरवसा नाही: सप्टेंबर २०२५ मध्ये आधी बल्खसारख्या प्रांतांत फायबर तोडलं गेलं आणि २९ सप्टेंबरपासून सुमारे दोन दिवस देशभर सगळंच बंद होतं. म्हणून धडा आठ मिनिटांची ध्वनिफीत, एमपी-३, मोनो, ३२ केबीपीएस. एक फाइल साधारण १.९ एमबीची होते. ओपस स्वरूपात याहून लहान होते हे खरं, पण बटणांच्या साध्या फोनवर ती वाजेलच असं नाही. सहा विषय, प्रत्येकी १५० धडे धरले तर सगळा अभ्यास पावणेदोन जीबीत बसतो. नखाएवढं ४ जीबीचं मेमरी कार्ड पुरतं, आणि ते हातोहात फिरतं. नेट बंद झालं तरी धडा थांबत नाही.

प्रत्येक ध्वनिफितीबरोबर दोन पानं: पहिल्या पानावर एकच संकल्पना, तिची आकृती आणि सहा उदाहरणं, दुसऱ्यावर त्या सहांची पूर्ण उत्तरं, एकही पायरी न गाळता. शिकवणारी मुलगी स्वतः नुकती शिकते आहे. नुसतं ‘उत्तर ३६’ असं लिहिलंत तर ती अडेल आणि वर्गासमोर तिची मान खाली जाईल. एका विषयाचे आठवड्याला तीनच धडे, एका वेळी दोनच विषय, बारा आठवड्यांचा एक टप्पा. घाई केलीत तर पानं साचतात, आणि साचलेली पानं पाहून माणूस सोडून देतो.

भाषेत बरीच गंमत-गोंधळ आहे, तिथे वेळ द्या. मजकूर दरी (तिथली फारसी) किंवा पश्तो या तिथल्या मुख्य भाषांत हवा. इंग्रजी माध्यमाचा आग्रह धरू नका. इराणी फारसीतलं साहित्य दरी वाचणारीला कळतं, पण शाळेतले शब्द वेगळे असतात, अगदी विद्यापीठालासुद्धा तिथे ‘पोहन्तून’ म्हणतात. पश्तोत अशी काही अक्षरं आहेत जी साध्या अरबी फॉन्टमध्ये नसतात. तिच्या फोनवर त्या जागी रिकामे चौकोन दिसतात. पीडीएफ करताना फॉन्ट आत बसवा. मजकूर उजवीकडून डावीकडे आणि संख्या डावीकडून उजवीकडे, त्यामुळे वर्डमध्ये समीकरणाचे तुकडे जागा बदलतात. अपूर्णांक आणि वजाबाकीत हे लक्षातही येत नाही आणि उत्तर चुकतं. समीकरण चित्र म्हणून टाका. व्हॉट्सअ‍ॅपवर पान फोटो म्हणून पाठवलंत तर ते पुसट होतं, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. अभ्यासक्रम नव्याने रचू नका. २०२१ पूर्वीची सरकारी पाठ्यपुस्तकं घ्या, म्हणजे घरात मोठ्या भावाचं जुनं पुस्तक असेल तर ते जुळतं.

भाषांतरासाठी लांब जायला नको. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात आणि शहरातल्या महाविद्यालयांत अफगाण विद्यार्थी वर्षानुवर्षं शिकत आले आहेत. त्यांच्यातल्या मुलींना मानधन देऊन हे काम द्या, फुकट मागू नका. आवाज त्यांचा घ्या, तुमचा नको: हिंदी-इंग्रजीतलं स्पष्टीकरण कितीही सुंदर असलं तरी खोलीतल्या सात मुलींपैकी दोघींनाच कळेल. मात्र त्यांचं नाव कुठेही येऊ देऊ नका, त्यांची माणसं तिथे आहेत.

सुरक्षिततेबद्दल मी कडक बोलणार आहे, कारण चांगल्या हेतूने सर्वाधिक नुकसान इथेच होतं. शिक्षणासाठी गावोगाव फिरणारे मतिउल्ला वेसा मार्च २०२३ मध्ये पकडले गेले आणि सात महिने आत होते. ते तर उघडपणे, सर्वांना ठाऊक असलेलं काम करत होते. व्हॉट्सअ‍ॅप गटात प्रत्येकीचा नंबर प्रत्येकीला दिसतो; एक फोन तपासला गेला की सगळा गट उघडा पडतो. गट करू नका. ब्रॉडकास्ट यादीत नंबर एकमेकींना दिसत नाहीत, पण तिच्या फोनमध्ये तुमचा नंबर साठवलेला असेल तरच संदेश पोचतो, आणि +९१ ने सुरू होणारा परका नंबर घरात प्रश्न उभे करू शकतो. सिग्नल या अ‍ॅपवर नंबर लपवून नुसत्या वापरकर्ता-नावाने बोलता येतं, ते जास्त बरं. बोलणं नेहमी तिने सुरू करायचं, तुम्ही नाही. ती तीन आठवडे गप्प असेल तर ‘काय झालं?’ म्हणून विचारू नका. फोन भावाकडे गेला असेल, घर बदललं असेल. धडे ठरल्या जागी ठेवत राहा, ती परत येते. फोटो नको, स्क्रीनशॉट नको, तिचा आवाज नको, यादी नको. तिला नावाऐवजी एक क्रमांक द्या आणि तेवढाच लिहून ठेवा. देणगीदाराला अहवाल हवा असेल तर किती धडे केले ते सांगा, मुलींचे चेहरे मागू नका. काबूलच्या दश्त-ए-बरची भागात ३० सप्टेंबर २०२२ ला काज शिकवणी केंद्रात प्रवेश परीक्षेचा सराव करणाऱ्या पन्नासहून अधिक जणांचा बॉम्बस्फोटात जीव गेला, बहुतेक हजारा या शिया अल्पसंख्याक समाजाच्या मुली. तिथे जमणं हीच जोखीम आहे.

प्रमाणपत्राचं आश्वासन देऊ नका. विद्यापीठ-प्रवेशाची कानकोर परीक्षा मुलींना बंद आहे, आणि दहावीत शाळा सुटलेल्या मुलीकडे बारावीचा कागद नाही. परदेशी ऑनलाइन विद्यापीठंही तोच मागतात. ज्यांच्याकडे तो आहे त्यांच्यासाठी वाटा आहेत. भारताच्या आयसीसीआरने (भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेने) २०२३ मध्ये अफगाण नागरिकांसाठी १,००० ऑनलाइन शिष्यवृत्त्या जाहीर केल्या होत्या; युनिव्हर्सिटी ऑफ द पीपल हे ऑनलाइन विद्यापीठ अफगाण मुलींना फीमध्ये सूट देते. अर्जाला तज़किरा, म्हणजे तिथलं ओळखपत्र, बारावीचं गुणपत्रक आणि ईमेल लागतो. गुणपत्रकावरचं नाव आणि तज़किऱ्यावरचं नाव यांच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक असला तरी अर्ज लटकतो, तेव्हा पहिल्या दिवसापासून एकच स्पेलिंग वापरायला सांगा. तुमच्या गटातल्या एखाद्या कागदपत्रांत मुरलेल्या माणसाने एवढंच काम केलं तरी मोठं होईल.

प्रत्यक्ष बाहेर पडणं वेगळी गोष्ट. ७२ किलोमीटरपेक्षा लांबच्या प्रवासाला महरम, म्हणजे जवळचा पुरुष नातेवाईक, सोबत हवा असा नियम डिसेंबर २०२१ पासून आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये दुबईतल्या उद्योजक खलाफ अल हब्तूर यांच्या शिष्यवृत्तीवर निघालेल्या मुलींना काबूल विमानतळावर अडवलं गेलं. महरम सोबत असलेलीलाही सोडलं नाही. भारतानेही ऑगस्ट २०२१ मध्ये अफगाणांना आधी दिलेले व्हिसा रद्द केले, त्यात प्रवेश घेऊन बसलेले विद्यार्थी अडकले. ‘पुण्याला ये, आम्ही बघतो’ असं कुणालाही बोलू नका.

पैशाचं थोडक्यात. हवालाने पैसे पाठवणं भारतात बेकायदेशीर आहे, तिथे सगळे तेच वापरतात म्हणून मोहात पडू नका. भारतीय धर्मादाय न्यासाने परदेशात खर्च केलेल्या रकमेला केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची खास मंजुरी नसेल तर करसवलत मिळत नाही. पैसा इथेच वापरा: भाषांतर, ध्वनिमुद्रण, इथे शिकणाऱ्या अफगाण मुलींची फी.

आणि सगळं स्वतः उभारू नका. हमीदा अमान यांनी सुरू केलेल्या रेडिओ बेगमवर, आणि पॅरिसहून उपग्रहाने चालणाऱ्या बेगम टीव्हीवर, सातवी ते बारावीचे धडे दरी-पश्तोत आहेत. छतावरच्या तबकडीला इंटरनेट लागत नाही आणि टीव्हीसमोर बसलेल्या मुलीचा नंबर कुणाकडे जात नाही. तुमचा धडा त्याला पूरक असावा: त्यांनी समजावलं, तुम्ही सहा उदाहरणं आणि उत्तरांच्या पायऱ्या द्या. पेशावर-क्वेट्टा किंवा इराणहून परत पाठवल्या गेलेल्या मुलींसाठी वेगळा छोटा टप्पा करता आला तर अवश्य करा. तिकडे आठवी-नववीत असलेली मुलगी सीमा ओलांडताच शाळेबाहेर होते, आणि उर्दूत शिकलेलीला दरीतल्या गणिती संज्ञा माहीत नसतात. दीडशे शब्दांची उर्दू-दरी-पश्तो यादी केलीत तर ती दोन पानांत मावते.

वेळापत्रक आखताना काबूलचं घड्याळ आपल्या एक तास मागे आहे आणि सुट्टी शुक्रवारी असते हे लक्षात ठेवा. थंड प्रांतांत शालेय वर्ष हमल महिन्यात, म्हणजे मार्चच्या २१ च्या सुमारास सुरू होतं, आणि कंदाहार-नंगरहारसारख्या उष्ण भागांत सप्टेंबरात. पहिला टप्पा डिसेंबरच्या सुरुवातीला सुरू करा. तेव्हा थंड प्रांतांत मुलग्यांच्या शाळा बंद असतात, भाऊ घरी असतो, आणि त्याच्याबरोबर त्याचा फोनही.